कुलाब्यातले 'व्हूडू', शनिवारची रात्र आणि तिथले नेहमीचे लोक

जुना_फोर्टकर

सर्वांस नमस्कार.

कुलाब्यात रेडिओ क्लबकडे जाणाऱ्या आर्थर बंदर रोडवर 'व्हूडू' नावाचा एक पब होता. आठवड्यातले इतर दिवस तो त्या भागातल्या बाकीच्या पबांसारखाच असे आणि शनिवारी रात्री तो आमचा असे. 'आमचा' म्हणजे समलिंगी पुरुषांचा; पण हा शब्द त्या काळी आमच्यापैकी फार थोड्यांच्या तोंडी होता, आणि 'शनिवारी येतोस का?' एवढे विचारले तरी ज्याला कळायचे त्याला सगळे कळत असे. मी १९९६ च्या पावसाळ्यापासून २००१ च्या मार्चपर्यंत, म्हणजे मुंबईबाहेर बदली होईपर्यंत, जवळजवळ प्रत्येक शनिवारी तिथे जात होतो. तेव्हा मी फोर्टातल्या एका बँकेत नोकरीला होतो आणि पार्ल्याला आईवडिलांजवळ राहत होतो.

गेल्या महिन्यात काही कामासाठी कुलाब्यात गेलो असता मुद्दाम त्या रस्त्याने चाललो. अत्तराची दुकाने, आखाती देशांतून पाऊस बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गेस्ट हाउसे, समुद्राकडून येणारा खारट वारा, हे सगळे ओळखीचे होते, आणि आपला दरवाजा नेमका कुठे होता हे माझ्या पायांना डोळ्यांच्या आधी आठवले. मात्र ज्या लोकांनी मला त्या दरवाजाच्या आत माणसांत आणले, त्यांच्यापैकी एकाचेही खरे नाव मला सांगता येणार नाही, हे तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले आणि मी फार अस्वस्थ झालो. फोटो तर एकही नाही. कॅमेरा बाहेर काढणे तिथे अपराध मानला जाई आणि तो तसा मानणे योग्यच होते, कारण भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ तेव्हा पूर्ण जोरात होते, त्याखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत असे, आणि खटले क्वचितच उभे राहत असले तरी त्या कलमाचे नाव घेऊन रस्त्यात खिसा रिकामा करून घेणारे पुष्कळ होते. सावधगिरीने आम्हाला वाचवले, पण त्याच सावधगिरीमुळे आज आमच्याकडे दाखवायला काही नाही.

म्हणून जे आठवते ते लिहून काढायचे मी ठरवले आहे. जागा लहान होती, अंधारी होती आणि धुराने भरलेली असे. भिंतीलगत उभे राहणारे नवे आणि मध्ये नाचणारे जुने, एवढा एकच भेद तिथे चटकन डोळ्यांत भरत असे. बोटीवर नोकरी करणारा एक इंजिनियर सहा-सहा महिन्यांनी उगवे आणि परदेशातून आणलेल्या कॅसेटी वाटून टाके. लालबागचा एक मुलगा होता, ज्याच्या वडिलांची गिरणी १९८२ च्या संपानंतर पुन्हा कधी धड चाललीच नाही. तो कोणत्याही इंग्रजी गाण्यावर गणपतीच्या मिरवणुकीत नाचतात तसाच, खांदे उडवून आणि दोन्ही हात वर करून, नाचत असे, आणि त्याला पाहून हळूहळू सगळेच तसे नाचू लागत. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र तो दारूला शिवत नसे. हातात थम्सअपची बाटली धरून तो तेवढ्याच जोमाने नाचे.

पण मला सर्वांत जास्त आठवतात ते 'मास्तर'. पन्नाशी उलटलेले, इस्त्रीचा पांढरा सदरा, मनगटावर चावीचे घड्याळ, रात्रभरात एकच बिअर. ही जागा सत्तरच्या दशकात 'स्लिप डिस्क' नावाचा डिस्को होती आणि १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट तिथे येऊन वाजवून गेले, ही गोष्ट मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. मास्तरांचे खरे काम रात्री उशिरा सुरू होई. पावणेबाराच्या सुमारास ते उठत, मध्य रेल्वेवर राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खांद्यावर हात ठेवत आणि एकच शब्द उच्चारत: 'व्हीटी'. स्थानकाचे नाव १९९६ मध्ये बदलले, तरी हाक तीच राहिली. मग सव्वाबाराला दुसरी फेरी होई आणि तेव्हाचा शब्द असे 'चर्चगेट'. एकच्या सुमारास सुटणारी शेवटची बोरिवली गाडी चुकली तर पहाटे चारनंतर पहिली गाडी मिळेपर्यंत कुठे बसायचे, कोणापासून लपायचे आणि घरी काय सांगायचे, असे तीन प्रश्न एकदम उभे राहत. त्यांनी आमच्यापैकी किती जणांना त्या तीन प्रश्नांतून सोडवले असेल याचा हिशेब नाही.

मास्तर कोण होते, कोणत्या शाळेत शिकवत, कुठे राहत, आणि पुढे त्यांचे काय झाले, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया लिहावे. इतर नेहमीच्या मंडळींच्या आठवणीही हव्याच आहेत. एकच विनंती आहे की खरी नावे आणि पत्ते लिहू नयेत, कारण ज्यांनी ती आम्हाला कधी सांगितली नाहीत त्यांची ती इच्छा आजही मानली पाहिजे.

डोंबिवली_जलद

फोर्टकर, त्या 'व्हीटी'च्या हाकेवर मी सलग पाच वर्षे घरी पोहोचलो आहे, त्यामुळे तुमचे लिखाण वाचताना उजव्या खांद्यावर हात पडल्यासारखे वाटले.

तरीही 'तो आमचा असे' हे वाक्य मला तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मी तेव्हा एका छापखान्यात जुळारी होतो. आत जायचे तर प्रवेशाचे पैसे, मग निदान एक बिअर, आणि बरे दिसण्यासाठी बरा शर्ट, असा सगळा खर्च असे. एका शनिवारी आत गेलो की पुढचे तीन शनिवार बाहेर काढावे लागत. बाहेर म्हणजे अपोलो बंदरचा समुद्राकाठचा कठडा, ज्याला सगळे 'वॉल' म्हणत. गेटवेपासून रेडिओ क्लबच्या दिशेने त्या कठड्यावर ठराविक अंतराने आपली माणसे बसलेली असत, आणि ज्यांच्याकडे त्याहून थोडे जास्त पैसे असत ते आधी ताजच्या मागे टुलॉक रोडवर 'गोकुळ'मध्ये बसून, शेजारच्या बडे मियाँच्या गाडीवर काहीतरी खाऊन मग पुढे जात. आत गेल्यावरही इंग्रजी बोलणाऱ्यांचा घोळका वेगळा आणि आमचा कोपरा वेगळा, हे होतेच. कोणी हाकलून देत नसे, पण कोणी जवळही बोलावत नसे. त्या काळच्या आठवणी लिहायच्या तर कठड्यावरच्या लोकांना त्यातून वगळू नये, कारण संख्येने तेच जास्त होते.

आणि मास्तरांबद्दल तुम्हाला कदाचित ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, आतली फेरी संपली की ते बाहेर येत आणि कठड्यावरून चालत जाऊन तिथल्या मुलांनाही तीच हाक देत. आम्ही आत असू किंवा नसू, गाडी सर्वांची एकच होती.

मराठी बोलणाऱ्यांविषयीही थोडे लिहितो, कारण तो भाग कोणी लिहीत नाही. आपल्याकडे दोन माणसे भेटली की पहिल्या पाच मिनिटांत 'आपण मूळचे कुठले?' आणि 'आडनाव काय?' हे प्रश्न येतात, आणि दहाव्या मिनिटाला कोणाची तरी आत्येबहीण दोघांच्या ओळखीची निघते. तिथे हे दोन्ही प्रश्न विचारायचे नाहीत हा अलिखित नियम होता. त्यामुळे पलीकडच्या टेबलावर कोणी हळू आवाजात मराठी बोलताना ऐकू आले की आनंद आणि भीती एकाच वेळी वाटत असे. एकदा एकाच्या बोलण्यातला मालवणी हेल ऐकून मी उठून दुसरीकडे जाऊन बसलो होतो, कारण माझे आजोळ त्याच बाजूचे आहे. तो मनुष्य नंतर माझा फार जवळचा मित्र झाला, परंतु त्याचे गाव कोणते हे मला कळायला दोन वर्षे लागली.

दाराच्या आत मराठी मुलांची क्रियापदे बदलत असत. 'मी आले गं', 'दमले मी', 'कुठे होतीस इतके दिवस?' असे सर्रास चाले, आणि त्यात कोणाची टिंगल नसे. ज्याला तसे बोलावेसे वाटे तो बोले, ज्याला नको वाटे तो 'आलो'च म्हणे. रस्त्यावर पाऊल ठेवताच मात्र सगळ्यांची वाक्ये पुल्लिंगी होत. मला स्वतःला सवय जडली होती ती 'आम्ही'ची. 'आम्ही आलो', 'आम्ही निघालो' हे बाई म्हणाली काय आणि पुरुष म्हणाला काय, मराठीत एकच आहे. घरी फोन करायचा असला की मी नेहमी अनेकवचनात बोलत असे आणि आईला वाटे की मी मित्रांच्या घोळक्यात आहे. तेवढे तरी खरेच होते.

मास्तर कुठे राहत हे मला ठाऊक नाही. ते आमच्याबरोबर स्टेशनकडे कधी आले नाहीत, यावरून ते जवळपासच कुठे तरी राहत असावेत असे आम्ही धरून चाललो होतो.

टेम्सकाठी

माझी 'व्हूडू'शी ओळख केवळ चार-पाच शनिवारांची, कारण १९९९ मध्ये मी नोकरीसाठी लंडनला आलो. मास्तरांबद्दल सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मात्र फोर्टकरांनी 'दाखवायला काही नाही' असे जे लिहिले आहे, त्यावरून इथली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

कॅम्डन हाय स्ट्रीटवर 'ब्लॅक कॅप' नावाचा एक जुना पब होता. स्त्रीवेशात गाणारे आणि विनोद करणारे कलावंत हे त्याचे वैशिष्ट्य. मी नवा होतो, इंग्रजी विनोद निम्मे कळत नसत, पण तिथे एकटे बसलेल्या माणसाला एकटे वाटू द्यायचे नाही अशी नेहमीच्या मंडळींची रीत होती आणि ती मला थेट कुलाब्यातली वाटली. फरक असा की तिथे माणसे गेल्यावर त्यांची नावे जागेला दिली गेली होती. मिसेस शफलविक या नावाने रंगमंच गाजवलेल्या आणि १९८३ मध्ये वारलेल्या कलावंताच्या नावाने वरच्या मजल्यावरचा बार होता. रेजिना फाँग हे रूप घेणारे रेज बंडी २००३ मध्ये गेले, त्यांच्या नावाने गच्ची होती. ज्याने त्यांना कधी पाहिलेही नव्हते तो मनुष्यसुद्धा 'फाँग टेरेसवर बसू या' असे म्हणत असे, आणि तेवढ्यापुरते ते नाव जिवंत राहत असे.

एप्रिल २०१५ मध्ये तो पब एकाएकी बंद झाला. स्थानिक परिषदेने त्याला समाजाच्या मालकीच्या ठेव्यासारखा दर्जा आधीच दिलेला होता, तरी तो वाचला नाही. त्यानंतर नेहमीची मंडळी दर शनिवारी त्या बंद दरवाजासमोर जमू लागली. मीही काही शनिवार जाऊन उभा राहिलो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी पुढे मोजणी केली तेव्हा शहरातल्या अशा जागा २००६ मध्ये १२५ होत्या आणि २०१७ मध्ये ५३ उरल्या होत्या, असे दिसले. हे आकडे वाचताना माझ्या मनात पहिला विचार असा आला की, मुंबईतल्या अशा जागा कोणी कधी मोजल्याच नाहीत, आणि जी जागा मोजलेली नाही ती गेली तर किती उरल्या हेही सांगता येत नाही.

म्हणून हे लिखाण थांबवू नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

फक्त_वाचनमात्र

मी इथे अनेक वर्षे केवळ वाचते. लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा काही चुकल्यास सांभाळून घ्यावे.

माझे यजमान शनिवारी तिथे जात असत. आमचे लग्न १९९४ मध्ये झाले. शनिवारी ऑफिसातल्या मित्रांचा पत्त्यांचा डाव असतो, असे त्यांनी मला सांगितले होते आणि मी त्यावर कधी शंका घेतली नाही, कारण रविवारी सकाळी ते नेहमीपेक्षा प्रसन्न असत, स्वतः बाजारात जाऊन मासळी आणत आणि मुलीला फिरायला नेत. कपड्यांना सिगारेटचा वास येई तो पत्त्यांमुळे, असे मी समजत होते. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ बाबत निकाल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्र हातात धरून बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला सगळे सांगितले. पंधरा वर्षांच्या संसारानंतर हे ऐकणे सोपे नव्हते. माझ्या वाट्याला जे आले ते अन्यायाचे होते असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. परंतु त्या अन्यायाला जबाबदार एकटे ते नव्हते, हे मला पुढे कळले. आम्ही आता वेगळे राहतो. दिवाळीला ते मुलीसाठी येतात आणि आम्ही तिघे एकत्र जेवतो.

हे सर्व लिहिण्याआधी मी त्यांना फोनवरून हा धागा वाचून दाखवला. स्वतः लिहायला ते तयार झाले नाहीत, पण मी लिहायला हरकत नाही असे म्हणाले. मास्तर त्यांना चांगले आठवतात. लग्न झालेल्या पुरुषांना ते वेगळे गाठत आणि सांगत की, घरी खरे सांगता येत नसेल तर निदान वेळेवर घरी जा, कारण उशीर झाला की एका खोट्यावर दुसरे खोटे चढते आणि ते सगळे एक दिवस बायकोच्या अंगावर कोसळते. मी या मनुष्याला कधी पाहिले नाही, आणि इतक्या वर्षांनंतर मला हे कळते आहे की माझा विचार करणारे त्या खोलीत कोणीतरी होते.

मला तुम्हा सर्वांना एकच विचारायचे आहे. तिथे लोक हसत असत का? मी यजमानांना हे विचारू शकले नाही.

पिशवीवाला

फोर्टकर, मास्तरांची पुढची हकीकत मला ठाऊक आहे आणि ती सांगण्याची वेळ कधी येईल असे वाटले नव्हते.

१९९८ पासून मी हमसफर ट्रस्टमध्ये स्वयंसेवक होतो. अशोक राव कवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले आणि त्यातूनच १९९४ मध्ये ही संस्था उभी राहिली, हे इथे अनेकांना माहीत असेल. शनिवारी संध्याकाळी खांद्यावर पिशवी अडकवून मी कुलाब्याला जात असे. पिशवीत निरोध आणि माहितीपत्रके असत. कठड्यावर वाटणे सोपे होते. आत नाचणाऱ्या माणसाच्या हातात एड्सचे पत्रक देणे म्हणजे त्याची आठवड्यातली एकुलती सुखाची घटका नासवणे होते आणि माझे पाय दाराशीच अडखळत. मास्तरांनी हे पाहिले आणि पहिल्याच महिन्यात माझ्या पिशवीतला अर्धा माल स्वतःच्या खिशांत भरून घेतला. 'व्हीटी' आणि 'चर्चगेट'च्या हाकेबरोबर प्रत्येकाच्या खिशात दोन-दोन पाकिटे जाऊ लागली. कोणी लाजले, कोणी रागावले, पण परत कोणी केली नाहीत.

त्यांना शाळामास्तर समजणारे तुम्ही एकटे नाही. ते गोदीत टॅली क्लार्क होते, बोटीतून उतरलेल्या मालाची मोजदाद करण्याचे काम त्यांनी तीस वर्षे केले. 'मास्तर' हे नाव मुलांनी ठेवले ते 'स्टेशनमास्तर' या अर्थाने, आणि पुढे त्यातले 'स्टेशन' गळून पडले. कुलाब्यातच एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूला त्यांची एक खोली होती. गाडी खरोखरच चुकलेल्या दोघा-चौघांना ते तिथे जमिनीवर चटई टाकून देत आणि स्वतः पहाटेपर्यंत बाहेरच्या व्हरांड्यात बसून राहत, म्हणजे शेजाऱ्यांना बोलायला जागा उरू नये.

२००३ च्या अखेरीस ते आजारी पडले. त्या काळी काय होत असे ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. एखादा नेहमीचा मनुष्य आधी वाळत जाई, मग दोन शनिवार दिसत नसे, आणि मग त्याच्याबद्दल कोणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असे आणि ते ऐकायचे कोणालाच नसे. औषधे होती, पण ती विकत घेणे आमच्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. मास्तरांना एका सरकारी रुग्णालयात दाखल केले. तिथे भेटायला येणाऱ्याचे रुग्णाशी नाते लिहून घेत. पहिल्या मुलाने 'भाचा' असे लिहिले. दुसऱ्याला दुसरे काही सुचले नाही म्हणून त्यानेही 'भाचा'च लिहिले. असे करत पंधरा दिवसांत त्या वहीत अकरा भाचे झाले, त्यात एक गुजराती, दोन मुसलमान आणि एक गोव्याचा ख्रिस्ती होता. वॉर्डातल्या सिस्टरांनी एके दिवशी मला बाजूला घेऊन विचारले की, या गृहस्थांना बहिणी तरी किती आहेत? मी गप्प राहिलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही, आणि त्या दिवसापासून भेटीची वेळ संपल्यानंतरही आम्हाला कोणी उठवले नाही.

जानेवारी २००४ मध्ये मास्तर गेले. १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत ही औषधे फुकट मिळू लागली, आणि मुंबईतले जे. जे. रुग्णालय त्या आठांत होते. मधले अंतर तीन महिन्यांहून कमी होते. मी ते अजून मनातून काढू शकलेलो नाही.

कोकणातून त्यांचा खरा भाचा आला होता. साधा, शेतकरी मनुष्य होता. स्मशानात इतके लोक पाहून तो गोंधळला आणि आम्ही कोण हे त्याने विचारले, तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, 'आम्ही गोदीतले.' तो म्हणाला, 'मामांचा एवढा लोकसंग्रह होता हे आम्हाला घरी कधी कळलेच नाही.' अस्थी तो घेऊन गेला.

जुना_फोर्टकर

पिशवीवाले, तुमचे लिखाण मी दोन दिवसांत चार वेळा वाचले आणि उत्तर लिहायला आज बसलो आहे. मी २००१ मध्ये मुंबई सोडली, नंतर लग्नासाठी घरच्यांचा तगादा, आईचे आजारपण आणि दुसऱ्या शहरातले एकटेपण यांत इतका गुरफटलो की 'मास्तर कसे आहेत?' असे एक पत्रही कोणाला लिहिले नाही. लिहिणार तरी कोणाला, कोणाचा पत्ताच माझ्याजवळ नव्हता, असे मी स्वतःला सांगत आलो. पण मी एका शनिवारी गाडीत बसून येऊ शकलो असतो. त्या वहीत बारावे नाव माझे असायला हवे होते.

डोंबिवली_जलद यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी पाच वर्षे त्या कठड्यासमोरून चालत आत गेलो आणि तिथे बसलेल्यांना पैसे नसल्यामुळे तिथे बसावे लागते, हे माझ्या कधी मनातही आले नाही. त्यांना समुद्राचा वारा आवडत असावा असे मी समजत होतो. मी जे लिहून काढणार आहे त्याची सुरुवात आता कठड्यापासून होईल. त्यासाठी तुमची मदत लागेल.

वाचनमात्र ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते. होय, तिथे लोक हसत असत. तुमचे यजमान कोणते हे मला ठाऊक नाही आणि ते जाणून घ्यायचेही नाही, पण मी ज्यांना पाहिले त्यांच्यापैकी एकही जण असा आठवत नाही जो संपूर्ण रात्र हसला नाही. ऑफिसात आणि घरी आम्ही हसताना आवाजाकडे लक्ष ठेवत असू, हात कसा हलतो आहे, मान किती वळते आहे, याच्यावर पहारा ठेवत असू. तिथे तो पहारा सुटत असे. लालबागचा तो मुलगा तर इतक्या मोठ्याने हसे की गाणे चालू असतानाही ते ऐकू येत असे. आणि 'चर्चगेट'ची हाक आल्यावर, दाराबाहेर पडण्याच्या आधी, प्रत्येक जण क्षणभर थांबून चेहरा नीट करून घेत असे. तुम्ही रविवारी सकाळी जी प्रसन्नता पाहिली, ती त्यातून उरलेली असणार.

आता 'व्हीटी' पावणेबारा आणि 'चर्चगेट' सव्वाबारा, मास्तर गोदीतले टॅली क्लार्क, जानेवारी २००४, एवढे मी माझ्या वहीत पक्के लिहून ठेवले आहे.

डोंबिवली_जलद

फोर्टकर, मदत अवश्य करीन. रविवारी मला सुटी असते.

वहीत एक दुरुस्ती करून घ्यावी. 'व्हीटी'ची हाक पावणेबाराला नसे, अकरा चाळीसला असे. सुरुवातीला ती पावणेबारालाच होती. आमच्यात कळव्याचा एक मुलगा होता, लहानपणीच्या पोलिओमुळे तो पाय ओढत चालत असे, आणि त्याच्या चालीने व्हीटी गाठायला आम्हाला पाच मिनिटे जास्त लागत. तो येऊ लागल्यावर मास्तरांनी वेळ बदलली.